सव्वादोनला ऑनलाईन

सकाळी सकाळी आत्याचा मेसेज. "रात्री सव्वादोनला ऑनलाईन होतीस, बरं आहे ना गं?" मी लिहिलं, हो, जरा पोट बिघडलेलं. खोटं. पोटाला काही झालं नव्हतं, मी कुणा अनोळखी बाईचं नवीन किचन बघत होते, मग खरवस, मग घोड्याला नाल ठोकतात ते, मग कुणाच्या तरी सासूची भांडणं... डोळे चुरचुरतायत तरी अंगठा आपला चालूच. हे न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने काढलं आणि आता त्यालाच त्याचं वाईट वाटतं म्हणे. पूर्वी पान संपलं की पुढचं दाबायला लागायचं, तेवढ्यात तरी मनात यायचं की चला झोपू. आता ते 'तेवढ्यात'च उरलं नाही.

नवरा म्हणतो स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, कमी होतं, नाईट मोड लाव. लावला. स्क्रीन पिवळी झाली, मी जागीच. ऑफिस, डबे, पोरीचा अभ्यास, सासऱ्यांची बीपीची गोळी हे सगळं करून साडेअकराला ओटा पुसून होतो तेव्हा कुठे दिवसात पहिल्यांदा मला कुणी हाक मारत नाही, आणि तोच वेळ झोपून घालवायचा म्हणजे जिवावर येतं. पण साडेपाचला उठायचंच असतं. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, मला मिळाली तीन, आणि त्याचा राग निघाला पोरीवर, वॉटरबॅग विसरली म्हणून केवढ्याने ओरडले मी! रिक्षात बसेपर्यंत गप्प होती बिचारी.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. छानच आहे. पण सातला माझ्या हातात लाटणं असतं, फोन कुठला. माझा भोंगा रात्री बाराला वाजायला हवा, आणि तो वाजवला तर सोसायटीवाले मलाच बाहेर काढतील :)

दुपारी डबा खाताना एकदम डोक्यात आलं, मी सव्वादोनला ऑनलाईन होते हे आत्याला कळलं कसं? लावला फोन. म्हणाली, आतोबा गेल्यापासून झोप अशी लागतच नाही गं, उठून बसते आणि कुणाकुणाचं स्टेटस बघायचं राहिलंय ते बघते. मला काय बोलावं सुचेना, मग मीही खरं सांगून टाकलं, पोट वगैरे काही नाही, किचन बघत होते.

"कुठलं गं? मला पण पाठव."