आमची वाटचाल: रुमाल, काटा आणि चिठ्ठी

गोवंडीत आमची छोटी पेढी आहे, देवनारच्या जनावरांच्या बाजाराला लागूनच. मराठवाड्यातल्या शेतकरी गटांचे उस्मानाबादी बोकड आणायचे आणि मुंबईतल्या मटणवाल्यांना द्यायचे, एवढाच धंदा. सुरुवातीची खरेदी रिवाजाप्रमाणे नगावर होती. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि बोकड पाळणारी बाई बाजूला उभी असूनही आकडा तिला सर्वांत शेवटी कळायचा. त्यात 24 किलोचा आणि 28 किलोचा बोकड एकाच भावात जायचे.

वजनावर खरेदी सुरू केली तेव्हा वाटलं, भांडण मिटलं. पण वजन करायचं कुठे आणि कधी, हा प्रश्न तिथूनच सुरू झाला. म्हणून बोकड कुठल्या पद्धतीने विकायचे, हे प्रत्येक गावातला गट मत देऊन ठरवतो.

संध्याकाळी भरलेली गाडी सकाळी देवनारला उतरते तेव्हा बोकड हलका झालेला असतो. लेंड्या, मूत आणि पोटातलं पाणी वाटेत जातं. मे महिन्यात घट जास्त. हिशेबाला सोपी म्हणून 7 टक्के धरू. 30 किलोचा बोकड 27.9 किलो भरतो. गावात 400 रुपये किलोने त्याचे 12,000 होतात, देवनारला 430 ने 11,997. म्हणजे दोन्ही भाव एकच. पण 430 ऐकलं की हात वर होतात. म्हणून मताच्या चिठ्ठीवर किलोचा भाव छापायचा नाही, एका बोकडामागे हातात काय पडेल ते लिहायचं, हे आम्ही शिकलो.

हात वर करून मत घेणं तर बंदच केलं. अर्ध्या घरांनी हेड्याकडून उचल घेतलेली असते आणि तो तिथेच बाकावर बसलेला असतो. त्याच्यासमोर काट्याच्या बाजूने हात कोण वर करणार? आता चिठ्ठीवर तीन चित्रं असतात. रुमाल म्हणजे गोठ्यावर नगाने विक्री. काटा म्हणजे गावात उपाशी वजन, वाटेतली घट आणि मरतूक पेढीची. टेम्पो म्हणजे देवनारला उतरल्यावर वजन, भाव चढा, पण घट आणि मरतूक पाळणाऱ्याची. चित्रावर शिक्का मारायचा, घडी घालायची, स्टीलच्या डब्यात टाकायची. मतमोजणी सगळ्यांसमोर.

मत कोणाचं, यावर मात्र प्रत्येक गावात वाद होतो. 60 शेळ्यांचा मालक म्हणतो, माझ्या शेळ्या जास्त, माझी मतं जास्त. शेतकरी उत्पादक कंपनी असेल आणि सभासद व्यक्ती असतील तर कायद्याने शेअर कितीही असोत, सभासदाला एकच मत. सभेची नोटीस 14 दिवस आधी, सभेला हजेरी निदान एक चतुर्थांश सभासदांची. साध्या गटातही आम्ही हाच नियम धरायला सांगतो. खरी अडचण गटाच्या सभासद-वहीची. शेळ्या सांभाळते बाई, वहीत नाव नवऱ्याचं. यादी आधी दुरुस्त केली नाही तर निकाल कागदावर लागतो आणि बोकड पुन्हा हेड्याच्या दारात जातात. आमचं मत विचाराल तर मतदानाआधीचे ते 14 दिवस यादीवरच घालवावेत. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या साथरोगाची, लस टोचायला सगळे येतात तो दिवस यादी वाचायला बरा.

काटा निवडून आला की तो सांभाळावाही लागतो. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू. मीठ चाटवून पाणी पाजलेला बोकड पोटावरून कळतो, त्याला दोन तास थांबवायचं. पिंजऱ्याचा काटा सपाट फरशीवर ठेवायचा, चारही कोपऱ्यांवर 20 किलोचं वजन ठेवून बघायचं, वैधमापनाचा, म्हणजे सरकारी वजन-माप तपासणीचा, शिक्का चालू वर्षाचा हवा. सर्वांत जास्त चूक होते ती पिंजऱ्यातल्या गोणपाटामुळे. ते मुताने भिजत जातं, त्याचं वजन वाढतं आणि फायदा पाळणाऱ्याचा होतो. झटकलं की तोटाही त्याचाच. दर दहा बोकडांनी पिंजरा रिकामा करून काटा शून्यावर आणला की ही तक्रार उरत नाही. आकडा मोठ्याने वाचायचा, कानातल्या बिल्ल्याच्या 12 अंकी नंबरापुढे लिहायचा, सही दोघांची.

गाडीत बोकडामागे 0.3 चौरस मीटर जागा लागते. 14 बाय 6 फुटांच्या हौद्यात 26 बसतात, 27वा नाही. तो कोंबला की खाली बसलेला बोकड तुडवला जातो, आणि घट-मरतूक आमच्या अंगावर असल्यापासून आमच्या ड्रायव्हरलाही हे गणित पटलंय.

बकरी ईदचा माल या मतदानात धरत नाही. तिथे वर्ष भरलंय का, दोन दात आलेत का, कान-शिंग शाबूत आहे का, हे बघितलं जातं. कपाळावर चाँदाची खूण असली तर काट्याकडे कोणी बघतही नाही. तो बोकड नगावरच विकावा, आणि त्यासाठी वेगळी चिठ्ठी, वेगळ्या रंगाची. गेल्या खेपेला दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्याच छापल्या गेल्या आणि सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. आता ईदची हिरवी, बाकीची पिवळी.