माइक बंद, नाटक चालू

नवं संगीत नाटक गोव्यात उभं करायचं तर संहिता, चाली, तालमी हे एकवेळ जमतं हो, पण प्रयोग लावायचा कुठे ही खरी डोकेदुखी. इथे गावोगावच्या देवळांत जत्रेला, काल्याला मराठी नाटक ठरलेलंच, पण समितीवाल्यांना गाजलेलं काहीतरी हवं असतं. ग्रुपचं मॅनेजमेंट माझ्याकडे, म्हणजे फोन मीच करणार आणि पलीकडून हमखास यायचं, "पदां वळखीचीं मरे?" आता नव्या नाटकातली पदं ओळखीची कुठून आणू!

शेवटी फोंडा तालुक्यातल्या एका गावाने तारीख दिली. नाटक सातला सुरू करायचं ठरलेलं. पण पालखी रेंगाळली, मग आरती, मग सत्कार (सत्काराशिवाय गोव्यात पडदा वर जातच नाही), आणि नांदी झाली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. पहिला अंक मस्त गेला. दुसऱ्याला नुकतीच सुरुवात झाली तोच हवालदार विंगेत आला. "बाब, धा जाले, माइक बंद करात."

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हा नियम 2000 सालापासूनचा. सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं पण वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस, आणि आमची तारीख त्यात नव्हती. समितीला ते माहीत होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकेकाळी हीच नाटकं उजाडेपर्यंत चालायची म्हणे.

अध्यक्ष म्हणाले गुंडाळा. आमचा दिग्दर्शक रडायच्या बेतात. तेवढ्यात ऑर्गनवाले काका, जे तालमीत कधी चार शब्द बोलले नाहीत, ते म्हणाले, माइक काढा, खुर्च्या पुढे घ्या. लोकांनी खरंच खुर्च्या उचलून थेट स्टेजला चिकटवल्या, पोरंटोरं खाली सतरंजीवर. आमचा नायक कॉलर माइकवर वाढलेला, काळी एकमध्ये, म्हणजे ऑर्गनच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गुणगुणल्यासारखा गाणारा. काकांनी त्याला सांगितलं, काळी दोनमध्ये, म्हणजे चढ्या सुरात गा, आवाज आपसूक लांब जाईल. तो म्हणाला गळा फाटेल. काका म्हणाले फाटू दे. तबलजीने विंगेतला दुसरा तबला ओढला आणि हातोडीने घरं ठोकत तिथल्या तिथे सूर चढवला, प्रेक्षक बघतायत, कुणी हूं की चूं नाही.

पहिली ओळ चिरकली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या अंतऱ्याला मात्र आवाज मोकळा झाला आणि मागच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याने "वन्स मोअर" दिला. नव्या पदाला वन्स मोअर! तालमीत तेच पद कापायचं चाललं होतं. संवादांचं मात्र वाईट झालं, मागच्यांना निम्मं ऐकूच गेलं नसणार, आणि आमची नायिका घसा बसल्याची तक्रार अजून करते. खरं तर नियमात नुसती वाद्यंही बसत नाहीत, पण हवालदारच खुर्ची ओढून बसला तर आम्ही कशाला आठवण करून देतोय.

पडदा पडला तेव्हा साडेअकरा. अध्यक्ष खूष, पुढच्या वर्षाची तारीख तोंडी देऊन टाकली, मानधनाचं पाकीट काढलं आणि हळूच विचारलं, साउंडवाल्याला अर्धंच द्यायचं ना, दहालाच बंद झालं ते? साउंडवाला मागेच केबल गुंडाळत उभा होता.