साडेपाच मिनिटे मागे पडलेले घड्याळ

जर्मनीतील एका लहानशा संगणक-संग्रहात जुनी यंत्रे दुरुस्त करून चालती ठेवण्याचे काम मी करत होतो, तेव्हाची, मार्च २०१८ च्या पहिल्या आठवड्यातली ही घटना आहे. दालनातला एक कमोडोर ६४ जानेवारीच्या मध्यापासून अहोरात्र चालू होता आणि पडद्यावर केवळ वेळ दाखवत होता. त्या सकाळी माझी नजर पडद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ते घड्याळ फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर येणाऱ्या रेडिओसंकेतावर चालते, त्यामुळे त्याच्याविषयी शंका घ्यायला जागा नव्हती. कमोडोर मात्र जवळजवळ साडेपाच मिनिटे मागे होता.

१९८२ साली बाजारात आलेल्या या संगणकात बॅटरीवरचे घड्याळ नाही. त्यातल्या ६५२६ या दोन चिपांमध्ये प्रत्येकी एक घड्याळ असते आणि ते घरातल्या विजेच्या ठोक्यांवर चालते: अडॅप्टरमधून आलेला ९ व्होल्टचा एसी प्रवाह चौकोनी लहरींत बदलून चिपच्या १९ व्या पिनला दिला जातो आणि दर पाच लहरींना सेकंदाचा एक दशांश पुढे सरकतो. ही मांडणी मला आजही फार आवडते. वेगळा क्वार्ट्झ स्फटिक न लावता, भिंतीतल्या विजेनेच वेळ मोजायची. चालू होताना यंत्र ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० लहरी, गृहीत धरते; युरोपातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे चिपच्या नियंत्रण-रजिस्टरचा एक बिट प्रोग्रॅमने बदलावा लागतो. तो राहिला असता तर घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडले असते, तेव्हा ते कारण मी लगेच बाजूला ठेवले.

काही लहरी मध्येच गळत असाव्यात, असे मला वाटले. यंत्र बंद केले तर पुरावाच पुसला गेला असता, म्हणून ते चालू ठेवूनच मी खालचे तीन स्क्रू काढले, कीबोर्डसह वरचे झाकण वायर न ताणता कडेला कलते केले आणि विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब १९ व्या पिनवर टेकवला. लहरी स्वच्छ होत्या. तासभर रेडिओच्या घड्याळाशी ताडून पाहिले, तरी फरक अर्ध्या सेकंदाच्याही आतला. तेवढ्यावर बोट ठेवता येईना.

दुपारी चहासाठी स्वयंपाकघरात गेलो आणि ओव्हनवरच्या घड्याळापाशी थबकलो. तेही तितकेच मागे होते. एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन यंत्रे सारखीच चुकत असतील, तर दोष त्यांच्यात नसून दोघांच्या सॉकेटमध्ये येणाऱ्या विजेत आहे, हे तिथेच लक्षात आले.

६ मार्चला युरोपातल्या वीजवहन कंपन्यांच्या संघटनेने, एन्टसो-ईने, कारण जाहीर केले. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादामुळे जानेवारीच्या मध्यापासून ग्रिडमध्ये ११३ गिगावॉट-तास वीज कमी पडली होती, त्यामुळे जनित्रे किंचित मंदावली होती आणि पंचवीस देशांच्या जोडलेल्या जाळ्याची सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झवर आली होती. दिवसाला सुमारे सात सेकंदांचा हा तोटा सात आठवड्यांत जवळपास सहा मिनिटांवर गेला होता. माझ्या टेबलावरचा कमोडोर स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंतच्या जनित्रांचे फेरे प्रामाणिकपणे मोजत होता.

माझे लहानपण महाराष्ट्रात गेले. तिथे १९९० च्या दशकात संध्याकाळी वारंवारता ४९ च्याही खाली जाई, ४८.५ वर असे घड्याळ तासाला १.८ मिनिटे गमावते. अशा घड्याळावर तिथे कुणी विसंबू शकले नसते. युरोपात मात्र साठलेली वेळेची तूट मुद्दाम भरून काढतात: लक्ष्य-वारंवारता ५०.०१ ठेवली, की घड्याळे दिवसाला सुमारे सतरा सेकंद पुढे जातात.

म्हणून कमोडोरची वेळ कुणालाही लावू दिली नाही. तशी चिठ्ठीच मी पडद्याखाली चिकटवली. ओव्हनची वेळ मात्र एका सहकाऱ्याने आधीच नीट करून टाकली होती. ३ एप्रिलला तूट पुरी भरून निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडोर आणि भिंतीवरचे घड्याळ यांचे मिनिट सोबतच बदलताना मी उभा राहून पाहिले. ओव्हन साडेपाच मिनिटे पुढे होता.