पहिला चप्पल स्टँड आणि तीन मशिनं

दाराजवळचा चप्पल स्टँड घरीच करायचा ठरला की पहिला मोह होतो तो शंभर नगांच्या टूलकिटचा. ती पेटी घेऊ नका. त्यातले कितीतरी बिट लाकडाचे नसतातच. भोकांसाठी ड्रिल, वर-खाली चालणाऱ्या ब्लेडने कापणारा जिगसॉ आणि घासून गुळगुळीत करणारा सँडर, एवढी तीन मशिनं पुरतात. दहा हजारांचं बजेट असेल तर सात हजार मशिनांवर घाला आणि तीन हजार ब्लेड, क्लॅम्प, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) यांसाठी राखून ठेवा. काप वाकडा जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या ब्लेडमुळे आणि नीट न आवळलेल्या प्लायमुळे. मशीन स्वस्त आहे म्हणून नव्हे.

आधी मापं ठरवा. ३०० मिमी खोल, ७५० मिमी उंच आणि मधे ६०० मिमीच्या तीन फळ्या. प्लाय १८ मिमी, म्हणजे सहा सुती. ओल्या चपला आणि छत्र्या तिथेच टेकणार, तेव्हा एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) प्लाय नको, बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारा) मागा. ८ बाय ४ फुटांचा अख्खा शीट पुष्कळ इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही. ८ बाय २ चा अर्धा शीट घ्या आणि कापून देणारं दुकान गाठून तिथेच त्याच्या ३०० मिमीच्या दोन लांब पट्ट्या करून घ्या. रुंदी ६१० मिमी असते, ब्लेडच्या जाडीत ३ मिमी गेले तरी दोन्ही निघतात. पहिल्या पट्टीत ७५० चे दोन आणि ६०० चा एक तुकडा, दुसरीत ६०० चे दोन. उरलेल्यातून ६०० बाय १०० ची पट्टी काढून वरच्या फळीखाली मागच्या बाजूने लावा, नाहीतर स्टँड डावी-उजवीकडे लचकतो. लांब काप दुकानात उरकले की घरी मुख्यतः ३०० मिमीचे आडवे काप उरतात, आणि तेवढ्याला साधा जिगसॉ भरपूर झाला.

जिगसॉ मात्र हातात घेऊन निवडा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर गुण्या सोबत न्या. ब्लेड लावायला सांगा आणि मशीनची खालची सपाट पट्टी, म्हणजे बेसप्लेट, त्याच्याशी काटकोनात बसते का ते पाहा. ब्लेडच्या मागे रोलर हवा आणि तो ब्लेडला टेकलेला हवा. ब्लेड बोटाने हलकेच बाजूला दाबा. धारकासकट डुगडुगलं, तर ते मशीन राहू द्या. (प्लग काढलेला असू द्या.) वेगाचं नियंत्रण आणि टी-शँक, म्हणजे टी आकाराच्या बुडाचं, ब्लेड बसायची सोय हवीच. साफ कापासाठी टी १०१ बी ब्लेड मागा. टी १४४ डी भराभर कापतं, पण प्लायच्या कडा फाडतं.

जिगसॉचं ब्लेड वर जाताना कापतं, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. चांगली बाजू खाली ठेवा, खुणा मागच्या बाजूला करा आणि रेषेवर मास्किंग टेप चिकटवा. ब्लेडला पुढे-मागे झोका देणारं पेंड्युलमचं बटण शून्यावर ठेवा. ब्लेडपासून बेसप्लेटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि रेषेपासून तेवढ्याच अंतरावर एक सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळून तिला टेकवून मशीन चालवा. ढकलू नका. ढकललं की ब्लेड वाकतं, वरून रेषा बरोबर दिसते आणि खालची कड तिरकी निघते. मग फळी बाजूला टेकत नाही, फट राहते, आणि ती फट स्क्रू आवळून मिटत नाही.

ड्रिल वायरवालं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), इम्पॅक्ट म्हणजे फिरता फिरता ठोकणारं, वेग कमीजास्त करता येणारं आणि उलट फिरणारं घ्या. आज ना उद्या ते विटांच्या भिंतीवरही चालवायचंच असतं. बीम-कॉलमच्या काँक्रीटला मात्र ते पुरत नाही, तिथे एसडीएस हॅमर, म्हणजे जास्त जोराने ठोकणारं ड्रिल, भाड्याने आणा. या ड्रिलला सहसा स्क्रू पुरेसा आवळला की आपोआप सुटणारा क्लच नसतो, म्हणून स्क्रूचे शेवटचे दोन आटे हातानेच पिळा. बाजूच्या प्लायला ४.५ मिमीचं आरपार भोक, फळीच्या कडेत ३ मिमीचं, आणि स्क्रू ४ बाय ५० मिमीचा झिंकवाला. कडेत आधी भोक न पाडता स्क्रू घातला की प्लायचे थर उकलतात. काळे ड्रायवॉल स्क्रू ठिसूळ असतात, आवळताना मुंडी तुटते.

सँडर चौकोनी, ऑर्बिटल घ्या. ९ बाय ११ इंची पॉलिश पेपरचे चार तुकडे केले की एकेक त्याला बसतो, महागड्या गोल चकत्या लागत नाहीत. १२० नंबरच्या पेपरने सुरुवात करा, १८० वर थांबा. ८० ने प्लायचा वरचा पातळ थर पाहता पाहता निघून जातो आणि खालचा डाग उघडा पडतो.

सुतार मार्बल कटरला दात्यांचं ब्लेड लावून सरसर प्लाय कापताना दिसतील. ती नक्कल करू नका. त्याचं गार्ड दगडाच्या चकतीसाठी बनलेलं असतं. ब्लेड लाकडात अडकलं की मशीन झटक्यात मागे उसळतं. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड तर मुळीच लावू नका. गॉगल आणि एन९५ मास्क प्रत्येक वेळी लावा, आणि ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, कापड बिटात गुंडाळलं जातं.

बिल घेताना मशीनवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि कार्बन ब्रशची एक जादा जोडी त्याच दुकानातून मागा. ब्रशचं झाकण बाहेरून उघडणारं असेल तर ते घरी पाच मिनिटांत बदलता येतात. काम दुपारी दोन ते चारच्या शांततेत नको, बऱ्याच सोसायट्यांचा तो नियमच असतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये जोडणी करत असाल तर फेविकॉल लावलेले सांधे रात्रभर क्लॅम्पमध्येच राहू द्या. दमट हवेत तो वाळायला वेळ घेतो. ब्लेड आणि चक पुसून, मशीन ऑइलचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.