आप्पांचं ‘भारी’ औषध काढलं तेव्हा

आप्पांचं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक बंद करून सेफाझोलिन हे दुसरं लावलं, तेव्हा मी डॉक्टरांशी हुज्जतच घातली. टाचेच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू रक्तात गेलेला, शुगर तीनशेच्या वर, आणि भारी औषध काढून साधं देताय?

त्यांनी कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, कागद पुढ्यात धरला. ऑक्सासिलिन या औषधासमोर ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, या जंतूवर ते चालतं. “हा एमआरएसए, म्हणजे अशा औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, नाही. अशा जंतूवर व्हँकोमायसिनच सेफाझोलिनपेक्षा कमी पडतं.” मला हे माहीतच नव्हतं! व्हँकोमायसिन १९५८ पासूनचं. एमआरएसएला आजही लागतंच. पण किडनीवर डोळा ठेवा, रक्तातली पातळी मोजा, शिवाय सलाईन सावकाश सोडा. पहिल्या दिवशी ते भरभर गेलं, तर आप्पांची मान नि छाती लालबुंद. खाजवून खाजवून जीव नकोसा झाला त्यांना. सिस्टरांनी धावत येऊन थेंब कमी केले.

सेफाझोलिन दर आठ तासांनी. संसर्ग हाडापर्यंत गेल्यामुळे सहा आठवडे. मधे ताप उतरल्यावर आप्पा म्हणाले, “आता पुरे की.” मी ऐकलं नाही. पहाटेच्या डोसाला उशाशी बसून त्यांचा हात धरायचे, सुईचा हात हलू नये म्हणून.