केबिनमध्ये पाणी नेमकं कुठे मुरतंय: जुन्या पिकअपची गळतीशोध नोंद

आजची स्थिती अशी. पुढच्या सीट आणि मागचं बाकडं बाहेर, कार्पेट उलटं टाकून वाळत घातलंय, आतला पत्रा उघडा. मोठी गळती सापडली आणि बंद झाली. दुसरी सापडली आहे, तिचं काम अर्धवट आहे. तिसरीचा नुसता संशय आहे आणि तिच्यासाठी हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) सोडवावा लागणार, म्हणून ती मुद्दाम शेवटी ठेवली.

लक्षण म्हणाल तर ड्रायव्हरच्या पायाशी ओल. कार्पेटवर नुसता हात फिरवला तर कोरडं लागायचं, पण अंगठ्याने दाबलं की बोटाभोवती पाणी गोळा व्हायचं. कार्पेटखालचा जाड फोम पाणी धरून बसतो आणि वरून त्याला सुकायला वावच मिळत नाही. तुमच्या गाडीत सकाळी काचांवर आतून धुकं धरत असेल आणि दार उघडल्यावर कुबट वास येत असेल, तर वरून कोरडं दिसतंय यावर विश्वास ठेवू नका.

काहीही खोलण्याआधी हे पाणी पावसाचंच आहे ना, हे ठरवून घ्यावं. एसीच्या निचऱ्याची नळी तुंबली तर स्वच्छ पाणी डॅशबोर्डखाली उतरतं, तेही एसी चालवल्यावरच. हीटरचा कोअर, म्हणजे इंजिनचं गरम कूलंट फिरणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळत असेल तर ओल चिकट लागते, गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि कूलंटची पातळी उतरते. पांढरा टिश्यू पेपर टिपून बघितला की रंग आणि चिकटपणा लगेच कळतो. माझ्याकडे टिश्यूवर फक्त मातकट डाग आला, आणि ओल वाढायची ती पाऊस झाल्यावर. म्हणजे पाणी बाहेरचंच.

आता मुख्य गोष्ट. ओल पुढे होती, पण पाणी पुढून येतच नव्हतं. केबिनच्या मागच्या भिंतीवरून उतरलेलं पाणी जमिनीच्या पत्र्यावर येतं, आणि गाडी नाक खाली करून उतारावर उभी असली की कार्पेटखालून थेट पुढे सरकतं. वायरिंगच्या जाळ्याचंही तसंच: पाणी वायर धरून हातभर लांब जातं आणि वायर जिथे खाली वाकते तिथे टपकतं. म्हणून ओलीच्या जागेवर सीलंट फासणं मला अजिबात पटत नाही. सीट, पायरीच्या पट्ट्या आणि मागचं पॅनेल आधी काढा, मग पाणी मारा. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतील तर बॅटरी सोडून गाडीच्या पुस्तिकेत दिलंय तितका वेळ थांबा, नंतरच हात घाला.

पाणी मारायची पद्धत: पाइपला नोझल लावायचा नाही, धार मंद ठेवायची. प्रेशर वॉशर तर नकोच. पाऊस जिथे कधी पोहोचणार नाही तिथेही तो पाणी घुसवतो आणि मग नसलेल्या गळत्या सापडत बसतात. सुरुवात खालून. आधी दाराचा खालचा सांधा, मग कडा, मग काच, मग छत. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहतं आणि कोणता सांधा गळतोय हे कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबायचं. आत टॉर्च घेऊन एक माणूस हवाच, आणि तो बडबड्या नसलेला बरा, कारण कधी कधी थेंब दिसायच्या आधी ऐकू येतो.

मागच्या काचेपर्यंत सगळं कोरडं होतं. काचेच्या वरच्या, छताजवळच्या ब्रेकलाइटवर धार आल्यावर आतून हाक आली. छताच्या लायनिंगची कड खाली ओढून धरली होती, त्यामुळे स्पष्ट दिसलं: लाइटच्या एका स्क्रूच्या टोकाला थेंब फुगत गेला, सुटला, पत्र्यावरून वाकडीतिकडी रेघ काढत मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात गेला. त्याच वाटेवर जुन्या पाण्याचे तपकिरी ओघळ आधीपासून वाळलेले होते. म्हणजे हे कित्येक पावसाळ्यांचं काम.

लाइट काढली. मागचं फोमचं गॅस्केट दबून पार चपटं आणि कडक झालेलं, नखाने खरवडलं तर भुगा. पिकअपमध्ये ही जागा बदनामच आहे, ब्रँड कोणताही असो. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, स्क्रूच्या भोकांच्या कडेला गंज होता तो घासून प्राइमर आणि रंग दिला, आणि वाळल्यावर गॅस्केटच्या जागी ब्युटाइलची (मऊ, चिकट रबरी सीलंटची) दोरी पूर्ण गोल फिरवली, जोड खालच्या बाजूला येईल अशी. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. जोर लावून पिळले तर प्लास्टिक वाकतं आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फट पडते. ब्युटाइल कधी कडक होत नाही, त्यामुळे पुढे बल्ब बदलायला लाइट निघते. पुन्हा पाणी मारलं, आत कोरडं.

दुसरी गळती मागच्या डाव्या दारात. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, ते जातंच. काचेच्या बाहेरचं रबर पाणी पुसतं, अडवत नाही. आत गेलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर पडावं आणि केबिनकडे येऊ नये म्हणून ट्रिमच्या (दाराच्या आतल्या पॅनेलच्या) मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना हा कागद कोणीतरी फाडून परत नुसता टेकवून ठेवला होता. भोकं चिखलाने बुजलेली, ती वायरने मोकळी केली. नवीन जाड प्लास्टिक कापून ठेवलंय, ब्युटाइलनेच चिकटवणार. खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत सोडायची हे लक्षात ठेवा. ती बाहेर राहिली तर कागदच पाणी केबिनमध्ये आणून सोडतो.

दारांची रबरं बरी निघाली. कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघितली, सगळीकडे घट्ट. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं, ते नको. आणि ग्रीस चालतं म्हणून सिलिकॉन सीलंटही चालेल असं समजू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि नंतर त्या जागी रंग धरत नाही की दुसरं सीलंटही चिकटत नाही. पत्र्याच्या जोडांना सीम सीलर (जोड भरायचं खास सीलंट), चिकटवलेल्या काचेला युरेथेन (काच चिकटवायचं सीलंट). पुढच्या काचेच्या चौकटीत गंज असेल तर वरून काहीही भरू नका, काच काढूनच काम करावं लागतं, आणि ते काचवाल्याचं काम आहे. काच केबिनच्या मजबुतीचा भाग असते.

तिसऱ्या संशयासाठी साबणाचा प्रयोग केला. काचा बंद, ब्लोअर पूर्ण जोरात, हवा बाहेरून घेण्यावर, आणि बाहेरून सांध्यांवर साबणपाणी. आतला दाब वाढतो आणि फट असेल तिथे बुडबुडे येतात. यासाठी केबिनच्या मागच्या भिंतीतले हवा बाहेर सोडणारे पडदे (झडपांसारखे) आतून टेपने बंद करावे लागतात, नाहीतर सगळा दाब तिथूनच जातो. टेप लावताना उजव्या पडद्याची चौकट बोटाने हलली, आणि तिच्याखाली पत्र्यावर ओलसर मातीची रेघ होती. बाहेरून ती जागा हौद्याच्या पुढच्या भिंतीमागे दडलेली आहे, हात पोहोचत नाही.

वायपरखालच्या जाळीतली कुजकी पानं काढली, तिथल्या निचऱ्यात पाणी ओतून ते खाली पडतंय हे पाहिलं. तिथे दुसरं काही निघालं नाही.

हौद्याच्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंय. हौदा मागे सरकवला की दोन्ही पडद्यांचे फोम बदलणार. कार्पेट आणि त्याच्याखालचा फोम वाळले तरी इतक्यात बसवणार नाही. एक चांगला पाऊस उघड्या पत्र्यावर काढायचा, टिश्यूचे तुकडे कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून.