सहावरून पाचवा: बिनसिंक्रोच्या ट्रकचा माझा अनुभव

अमेरिकेत सीडीएलची (जड वाहनांच्या लायसन्सची) चाचणी ऑटोमॅटिक ट्रकवर दिली की लायसन्सवर 'ई' बंधन बसतं, मग मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. ते नको होतं म्हणून ईटन फुलरच्या १० गिअरच्या गिअरबॉक्सचा ट्रक धरला. परमिट, मेडिकल, ट्रेलर रिव्हर्स घेणं, सगळं पार पडलं. अडलं ते सहावरून पाचवर येताना. ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यावर एकच सल्ला मिळे, "इंजिन ऐका." काय ऐकायचं ते कुणी सांगेना!

म्हणून इथे आकडेच देतो. कारमध्ये गिअरचे वेग सिंक्रो जुळवतो. या गिअरबॉक्सच्या मुख्य भागात तो नाही, ते काम पायाचं. ट्रकचा वेग तोच असताना लागोपाठच्या दोन गिअरांत साधारण ३०० ते ४०० आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) फरक. वर जाताना सोपं आहे: १,४०० ला क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, आरपीएमचा काटा १,००० च्या आसपास उतरला की पुन्हा क्लच आणि पुढचा गिअर.

खाली येताना काटा चढवावा लागतो, आणि तोही न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना. क्लच दाबून दिलेली रेस इंजिनातच राहते, बॉक्समध्ये गिअर फिरवणाऱ्या काउंटरशाफ्टपर्यंत पोचत नाही. माझ्या गिअरची करकर नेमकी इथली होती. जुन्या एसटीचे ड्रायव्हर घाटात मधेच रेस देत, ते याचसाठी.

सहा-पाचमध्ये आणखी दोन भानगडी. सहावा पहिल्याच्याच जागी, डावीकडे खाली; पाचवा उजवीकडे खाली. म्हणजे दांडा या टोकाहून त्या टोकाला न्यायचा. शिवाय दांड्यावरचा रेंजचा खटका: खाली असला की १ ते ५, वर असला की ६ ते १०. दांडा सहाव्यात असतानाच हा खटका खाली करून ठेवायचा. दांडा न्यूट्रलला आला की हवेच्या दाबाने रेंज आपोआप बदलते. ट्रक चालता असताना न्यूट्रलमध्ये खटका पाडला, तर रेंजचा सिंक्रो मार खातो (हो, तिथे मात्र सिंक्रो आहे).

आता क्रम. ब्रेकने वेग ताशी १५ मैलांच्या खाली, काटा १,००० ते १,१०० वर. खटका खाली. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा. रेस देऊन १,४००. क्लच, पाचवा. नाही पडला तर दांड्याशी कुस्ती नको. पुन्हा न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा रेस, पण या वेळी थोडी कमी, कारण एव्हाना ट्रक मंदावलेला असतो. चढावरही म्हणूनच कमी रेस पुरते.

कोणता गिअर ते आठवेना, तर मैलांच्या वेगातले दोन्ही अंक मिळवा: १५ ला सहावा (१ + ५), २५ ला सातवा, ३५ ला आठवा, ४५ ला नववा. अॅक्सलच्या रेशोप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: चालत्या ट्रकमध्ये क्लच तळापर्यंत दाबायचा नाही, वरचे दोन-तीन इंच पुरेत. अगदी तळाशी क्लच ब्रेक असतो. तो इनपुट शाफ्ट थांबवतो, म्हणून उभ्या ट्रकमध्ये पहिला किंवा रिव्हर्स टाकतानाच कामाचा. चालताना लागला तर गिअर पडत नाही आणि ब्रेक झिजतो तो वेगळाच.

शिकताना इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर ट्रक मंदावणारा) बंद ठेवा, नाहीतर वर जाताना काटा धाडकन पडतो. आणि हे प्रयोग सपाटीवर. उताराचा गिअर उतार लागायच्या आधीच टाकलेला हवा.